जानेवारीतला गरुड, मे महिन्यातली ओळख : मर्लिन ॲपचा अनुभव

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या रांगेवर आमचे वडिलोपार्जित शेत आहे. यंदाच्या जानेवारीत रब्बी ज्वारीची ई-पीक पाहणी नोंदवण्यासाठी माझा चुलतभाऊ तिथे गेला असता, वरच्या बांधापलीकडे माळाच्या उतारावर त्याला एक भलामोठा तपकिरी पक्षी जमिनीवर बसलेला दिसला. जवळच ओढ्याच्या कडेला कुणीतरी मेलेली शेळी आणून टाकली होती. पिकाचा फोटो काढण्यासाठी हातात धरलेला फोनच त्याने पक्ष्याकडे वळवला आणि घाईघाईने चार फोटो घेतले. त्यांतले दोन बसलेल्या पक्ष्याचे, एक त्याने मान वळवली त्या क्षणाचा आणि एक डोक्यावरून उडून जातानाचा होता. पुढे ज्वारीची काढणी झाली, कडबा रचून झाला, आणि ते फोटो फोनमध्ये तसेच पडून राहिले. मे महिन्यात घरच्या लग्नात, मांडवाच्या कडेला बसून त्याने ते मला दाखवले, तेव्हा भोवती जमलेल्या प्रत्येकाने वेगळे नाव सांगितले. धाकट्या काकांच्या मते ती घारच होती. थोरल्या काकांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "घार न्हाई ही. आमच्या लहानपणी ढोरं टाकायच्या जागी गिधाडं उतरायची, त्यातलं काहीतरी असंल." भाऊ मला म्हणाला, "दादा, तुमच्याकडं पक्षी ओळखायचं ॲप असतं ना, त्यात टाकून बघा की."

ते ॲप म्हणजे मर्लिन बर्ड आयडी. गेली काही वर्षे मी ते वापरतो आहे, पण मुख्यतः अंगणातल्या आणि तळ्याकाठच्या लहान पक्ष्यांसाठी. मोठ्या शिकारी पक्ष्याच्या बाबतीत त्याची खरी कसोटी या चार फोटोंनी लागली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आपल्या भागात अचानक दिसलेल्या मोठ्या पक्ष्याचा फोटो घेऊन "हा कोणता?" असे विचारणारे पुष्कळ लोक भेटतात आणि त्यांना बहुतेक वेळा "गरुड असेल" किंवा "गिधाड असेल" एवढ्याच उत्तरावर समाधान मानावे लागते.

मर्लिन हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ॲप आहे. २०१४ मध्ये ते उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांसाठी सुरू झाले, पुढे त्याचा विस्तार होत गेला आणि आज भारतातील पक्षीही त्यात आहेत. ते पूर्णपणे मोफत असून त्यात जाहिराती नाहीत. त्याचा पाया ई-बर्ड या नोंदसंग्रहावर आहे. २००२ पासून जगभरातील पक्षीनिरीक्षक तिथे आपल्या नोंदी करत आले आहेत, आणि कोणत्या भागात कोणत्या महिन्यात कोणता पक्षी दिसण्याची शक्यता किती, हे मर्लिन या नोंदींवरूनच ठरवते. ही गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घेतली असती, तर माझी पहिली चूक झाली नसती.

तिच्याआधी दुसऱ्या एका ॲपचा अनुभव सांगतो, कारण तुलना त्यातूनच होते. नाव घेत नाही, पण वर्गणी मागणारे आणि फोटो टाकताच दोन सेकंदांत उत्तर देणारे ते ॲप भाच्याच्या फोनमध्ये होते. त्याने ठामपणे "गोल्डन ईगल" असे सांगितले आणि खाली त्या पक्ष्याचे सुंदर चित्र दाखवले. मांडवातील सगळ्यांना ते नाव आवडले. परंतु गोल्डन ईगल हा भारतात हिमालयातला रहिवासी आहे. बालाघाटाच्या माळावर शेळीच्या सांगाड्याशेजारी तो बसलेला असणे जवळजवळ अशक्य. त्या ॲपने फोटो कुठला आणि केव्हाचा हे विचारलेच नव्हते. तपकिरी रंग, बाकदार चोच आणि मोठा आकार एवढे पाहून त्याने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तपकिरी गरुडाचे नाव दिले होते.

मर्लिन असे करत नाही. फोटो निवडल्यावर आधी पक्षी चौकटीत भरेल इतका मोठा करून घ्यावा लागतो आणि त्यानंतर ते ठिकाण व तारीख विचारते. फोनमधल्या मूळ फोटोत ही माहिती बहुधा असतेच, त्यामुळे ती आपोआप भरली जाते. भावाने मात्र फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, आणि व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोतून ठिकाण आणि वेळ गळून जाते. मी गडबडीत ठिकाण तेवढे दुरुस्त केले आणि तारखेकडे लक्ष दिले नाही. ती त्या दिवसाची, म्हणजे मे महिन्याची राहिली. ॲपने बसलेल्या पक्ष्याचा फोटो पाहून टॉनी ईगल हे नाव दिले. मी तेच भावाला सांगितले, काकांनाही सांगितले, आणि विषय तिथे संपला असे सर्वांना वाटले.

त्या उत्तरात चुकीचे काही नव्हते, कारण मी दिलेल्या माहितीला ते अगदी धरून होते. टॉनी ईगल हा पिंगट रंगाचा गरुड आपल्याकडे बारमाही राहतो, उघड्या माळांवर आणि शेतांच्या कडेला दिसतो आणि मे महिन्यात मराठवाड्यात अशा रूपाचा मोठा गरुड दिसला तर पहिले नाव त्याचेच यायला हवे. चूक माझ्या तारखेत होती. दोन दिवसांनी छत्रपती संभाजीनगरला परतल्यावर, जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात अनेक वर्षे नियमित जाणाऱ्या एका ज्येष्ठ पक्षीमित्रांना मी फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "फोटो कोणत्या महिन्यातला?" मी जानेवारी म्हणालो. ते म्हणाले, "मग टॉनी म्हणायची घाई करू नका. नाव नंतर सांगा, आधी तोंडाची पिवळी रेघ कुठवर गेली आहे ते बघा."

इथे थोडे थांबतो, कारण संपूर्ण ओळख त्या रेघेवर आणि दुसऱ्या एका खुणेवर उभी आहे. तिसऱ्या फोटोत पक्ष्याने मान वळवली होती, म्हणून चेहरा बाजूने दिसत होता. फोनच्या झूममुळे फोटो दाणेदार झाला होता, तरी चोचीच्या मुळापासून मागे गालाकडे जाणारी पिवळी रेघ स्पष्ट होती. ही रेघ म्हणजे जबड्याची फट, तोंड मिटलेले असताना दिसणारी. टॉनी ईगलमध्ये ती साधारण डोळ्याच्या मध्याखाली संपते, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण फक्त हिवाळ्यात इकडे येणाऱ्या स्टेपी ईगल या गरुडामध्ये ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते आणि त्यामुळे त्या पक्ष्याचा चेहरा किंचित हसरा वाटतो. मी लॅपटॉपवर फोटो मोठा केला, पडद्यावर पट्टी उभी धरून डोळ्याच्या मागच्या कडेपासून सरळ खाली रेषा पाहिली. पिवळी रेघ तिथवर गेली होती.

त्यानंतर मी मर्लिनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी पाटोदा तालुका आणि जानेवारीची तारीख भरून. यादीत आता दोन्ही गरुड आले. चौथा फोटो, उडतानाचा, टाकला तेव्हा स्टेपी ईगल वर आला. प्रत्येक नावाखाली त्या पक्ष्याचे अनेक फोटो असतात. बसलेला, उडणारा, प्रौढ, पिल्लूपण नुकतेच संपलेला, असे. या ॲपचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो इथे. भावाच्या फोटोत पंखांच्या खालच्या बाजूला, मधोमध आडवा, रुंद पांढरा पट्टा होता. मला आधी तो उन्हाची तिरीप वाटला होता. ॲपमधल्या तरुण स्टेपी ईगलच्या फोटोत नेमका तोच पट्टा त्याच जागी होता. स्टेपी ईगलच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याची ती ठळक खूण आहे. वयानुसार तो पट्टा पुसट होत जातो आणि प्रौढ पक्ष्यात दिसेनासा होतो. टॉनी ईगलमध्ये कोणत्याही वयात असा पट्टा नसतो. चेहऱ्यावरची रेघ आणि पंखाखालचा पट्टा, या दोन वेगवेगळ्या फोटोंतील दोन स्वतंत्र खुणा एकाच नावाकडे बोट दाखवत होत्या, त्यामुळे माझ्या मनात शंका उरली नाही.

काकांच्या गिधाडाचेही उत्तर फोटोत होते. गिधाडाची मान लांब आणि डोके बहुधा उघडे किंवा विरळ लव असलेले असते. या पक्ष्याचे डोके आणि मान पूर्ण पिसांनी भरलेली होती आणि पहिल्या फोटोत त्याचे पायही बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, जणू विजार घातल्यासारखे दिसत होते. पायांवर अशी पिसे हे या कुळातील खऱ्या गरुडांचे लक्षण आहे. आपल्या माळावर दिसणारा सर्पमार गरुडही आकाराने मोठाच असतो, पण त्याचे पाय खाली उघडे असतात. घारीशी तुलना तर आकारावरच संपते. घारीच्या पंखांचा पसारा सुमारे दीड मीटर आणि वजन किलोच्या आत, तर स्टेपी ईगलच्या पंखांचा पसारा पावणेदोन मीटरपासून दोन मीटरच्याही पुढे आणि वजन दोन किलोपासून चार किलोंपर्यंत जाते. अडचण एवढीच की फोटोत शेजारी ओळखीची वस्तू नसेल तर आकार कळत नाही. सुदैवाने भावाच्या फोटोत बांधावरचा दगड होता आणि तो दगड केवढा आहे हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत आहे.

फोटो नसेल तर मर्लिन प्रश्न विचारूनही ओळख पटवते. पक्षी चिमणीएवढा होता की कावळ्याएवढा की त्याहून मोठा, त्याचे मुख्य रंग कोणते, तो काय करत होता, असे थोडेच प्रश्न असतात. खंड्या, वेडा राघू किंवा हुदहुद्या अशा पक्ष्यांसाठी ही पद्धत फार चांगली आहे, कारण त्यांचा रंग आणि सवय एकदम वेगळी असते. मोठ्या तपकिरी शिकारी पक्ष्यासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आकार मोठा, रंग तपकिरी, आकाशात घिरट्या घालत होता, एवढ्या वर्णनात घार, तीन-चार गरुड आणि मोहोळ घार सगळेच बसतात. शिकारी पक्षी वयानुसार रंग बदलतात, एकाच जातीत फिकट आणि गडद पक्षी असतात, आणि मोहोळ घारीच्या रंगांना तर धरबंधच नाही. म्हणून इथे फोटोच हवा, आणि शक्य असेल तर एकापेक्षा जास्त हवेत.

कोणते फोटो हवेत, हेही या निमित्ताने नीट कळले. बसलेल्या पक्ष्याचा पाठीमागून घेतलेला फोटो दिसायला कितीही देखणा असला तरी ओळखीसाठी तो सर्वांत कमी कामाचा ठरतो. चेहरा बाजूने, पंखांची खालची बाजू, शेपटी पसरलेली असताना, आणि पाय, या चार गोष्टींपैकी दोन जरी मिळाल्या तरी काम होते. पक्षी उडाला म्हणून फोन खाली घेऊ नये. उलट तो उडतानाचाच फोटो धूसर आला तरी जपून ठेवावा. भाऊ तो चौथा फोटो पुसून टाकणार होता, कारण त्यात पक्षी लहान आणि अस्पष्ट होता. तोच निर्णायक ठरला.

आता हा पक्षी आमच्या माळावर आला कुठून, ते. स्टेपी ईगल हा मध्य आशियातील गवताळ प्रदेशांचा रहिवासी आहे. रशियाच्या दक्षिण भागापासून कझाकस्तान आणि मंगोलियापर्यंत तो उन्हाळ्यात वीण करतो, अनेकदा उघड्या जमिनीवरच घरटे बांधतो, आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. कझाकस्तानच्या राष्ट्रध्वजावर सूर्याखाली पंख पसरलेला जो पक्षी आहे, तो हाच. उंदीर, घुशी, वाळवीचे उडते किडे आणि मेलेली जनावरे, जे मिळेल ते तो इथे खातो. बिकानेरजवळच्या जोरबीड येथे, जिथे मेलेली जनावरे टाकतात, तिथे हिवाळ्यात हे गरुड मोठ्या संख्येने जमतात. आमच्या ओढ्याकाठच्या शेळीजवळ तो का बसला होता, याचे उत्तर त्यात आहे. माळावर मेंढ्या राखणाऱ्या एका ओळखीच्या धनगराने भावाला विचारले होते की हा कोकरे उचलतो का. त्याला आता निश्चिंतपणे सांगता आले की हा तिथे मेलेल्या जनावरासाठी उतरला होता आणि मार्च उलटेपर्यंत निघूनही गेला असेल.

नाव अचूक कळणे एवढे महत्त्वाचे का, हा प्रश्न मला भावानेही विचारला. २०१५ पासून स्टेपी ईगल जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. थोरल्या काकांना आठवणारी गिधाडे १९९०च्या दशकात झपाट्याने का नाहीशी झाली, त्याचे मुख्य कारण डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध होते. औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतात जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर २०२३ मध्ये. पण हा प्रश्न गिधाडांपुरताच नाही. बिकानेरजवळ मेलेल्या स्टेपी ईगलांच्या शरीरात डायक्लोफिनॅकचे अंश आणि मूत्रपिंडांची तशीच हानी आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या माळावर कोणता पक्षी मेलेल्या शेळीजवळ उतरतो, हे माहीत असले म्हणजे गावातल्या गुरांना कोणती सुई टोचली जाते हा प्रश्न आपोआप आपला होतो. भावाने त्याच आठवड्यात गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम या गिधाडांना सुरक्षित असलेल्या औषधाबद्दल विचारणा केली, एवढे मला कळले आहे.

ॲप घेणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मर्लिन उतरवल्यावर आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो बराच मोठा असतो, म्हणून शहरात वायफाय असतानाच हे काम करावे. एकदा पॅक फोनमध्ये आला की इंटरनेट नसतानाही फोटोवरून ओळख होते. आमच्या माळावर नेटवर्क एका टेकाडावरच येते, त्यामुळे मला ही सोय फार मोलाची वाटते. मी ॲप इंग्रजीतून वापरतो. वर्णने थोडक्यात आणि सोप्या इंग्रजीत आहेत, तरी केवळ मराठी वाचणाऱ्याला सुरुवातीला कुणाची तरी सोबत लागेल. आवाजावरून ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि पहाटेच्या पक्ष्यांसाठी ती मी रोज वापरतो, पण बसलेला गरुड सहसा गप्प असतो, त्यामुळे या प्रकरणात तिचा काही संबंध आला नाही.

गावाकडून कुणी फोटो पाठवणार असेल, तर त्यांना व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. त्यामुळे फोटोची मूळ गुणवत्ता राहते आणि तारीख-ठिकाणही टिकते. ते शक्य नसेल तर फोन करून दिवस विचारून घ्यावा. भावाला दिवस आठवत नव्हता, पण मूळ फोटो त्याच्या फोनमध्ये होता आणि तपशिलात सकाळचे नऊ वाजून गेल्याची वेळसुद्धा होती.

मर्लिनने सुचवलेल्या नावाखाली "हा माझा पक्षी" अशा अर्थाचे बटण असते. ते दाबले की पक्षी आपल्या यादीत जमा होतो. पहिल्या दिवशी मी टॉनी ईगलसमोर ते दाबून मोकळा झालो होतो. ती नोंद काढून टाकली. आता स्टेपी ईगलची नोंद ई-बर्डवर भावाच्या नावाने स्वतंत्रपणे केली आहे, जानेवारीच्या तारखेला, आमच्या माळाच्या ठिकाणी, चारही फोटोंसह. तिथे वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी स्थानिक स्वयंसेवक तपासतात, त्यामुळे तिसरा आणि चौथा फोटो सर्वांत वर ठेवले आहेत आणि शेऱ्यात डोळ्यामागपर्यंत गेलेली पिवळी रेघ व पंखाखालचा पांढरा पट्टा, दोन्ही लिहिले आहे.